हायपॅलॉनसारखी

गेल्या रविवारी भर दुपारी, मांडवा आणि घारापुरीच्या लाँचसाठी गेटवेच्या धक्क्यावर ताटकळणाऱ्या किमान शंभर माणसांच्या साक्षीने, माझी पँट आणि माझी फुगवायची होडी, म्हणजे डिंगी, यांची ताटातूट करावी लागली. पँट बदामी रंगाची होती. ती आता मागच्या बाजूने करडी आहे आणि इस्त्रीवाल्याने ती हातात घ्यायला नकार दिला आहे.

आम्हा तिघा मित्रांची एक जुनी, २४ फुटी शिडाची बोट बंदरात नांगरलेली असते. तिच्यापर्यंत जायला हवेने फुगवायची जी छोटी होडी लागते, तिला जाणकार लोक टेंडर म्हणतात. हा शब्द मी सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर एकदाच उच्चारला. ‘सध्या टेंडरच्या मागे आहे’ असे मी म्हणालो आणि तेव्हापासून आवारातल्या प्रत्येक खड्ड्यापाशी ते माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतात.

या होडीचे कापड कोणते घ्यावे यावर मी तीन महिने अभ्यास केला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या प्रसंगावरून तसे वाटणार नाही. पर्याय दोनच असतात. एक पीव्हीसी, ज्याचे सांधे यंत्रावर गरम करून जोडता येतात आणि म्हणून होडी स्वस्त पडते. दुसरे हायपॅलॉन, म्हणजे आत निओप्रीन रबर, मध्ये विणलेले कापड आणि बाहेर ऊन, पेट्रोल व खारे पाणी यांना दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराचा थर. याचे सांधे माणसाने हाताने घासून, गोंद लावून, वाट पाहून जोडायचे असतात, त्यामुळे किंमत जवळजवळ दुप्पट. त्यातही गंमत अशी की, ज्या ड्यूपाँट कंपनीचे हे नाव, तिने हायपॅलॉनचे उत्पादन २०१० च्या सुमारास बंद केले. तसले रबर आता इतर कंपन्या बनवतात, पण कोणत्याही वनस्पती तुपाला आपण जसे डालडा म्हणतो, तसे बाजारात नाव हायपॅलॉनचेच चालते.

मी ज्या विक्रेत्याकडे गेलो, त्याने पीव्हीसी हा शब्द तोंडातून काढलाच नाही. तो म्हणाला, “हायपॅलॉनसारखी आहे, साहेब.” मराठी माणसाने ‘सारखी’ या शब्दापासून सावध राहायला हवे. पैठणीसारखी साडी आणि हापूससारखा आंबा या दोन्ही गोष्टींत मी पूर्वी पैसे घालवलेले आहेत, आणि कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीतून मुकाट्याने खाल्लेला आहे. तरीही ८५ हजार हा आकडा ऐकून माझा तीन महिन्यांचा अभ्यास तीन मिनिटांत वितळला. घरी मी तो आकडा ५० सांगितला.

पुढचा सबंध हंगाम डिंगी बोटीच्या मागे बांधलेली, ऑक्टोबरपासून मेपर्यंत उन्हात. आणि रविवारी मी तिच्या फुगीर कडेवर दहा मिनिटे बसून धक्क्याला आलो, पायरीवर पाय ठेवला, उठलो, आणि उठलो नाही. जुने चिकटपट्टीचे बँडेज सोलताना येतो तसा आवाज झाला. रांगेतून कोणीतरी “फाटली!” असे आनंदाने ओरडले. फाटली नव्हती. त्या अर्ध्या मिनिटात मी जी धडपड केली, तिचे चित्रीकरण किमान दोन फोनांवर झाले असावे.

तेवढ्यात रांग सोडून एक काका चार पायऱ्या खाली आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, हातात शेंगदाण्यांची पुडी. त्यांनी माझ्या पँटीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते वाकले, होडीच्या कडेवर नख ओढले, नखाचा वास घेतला आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

“केवढ्याला पडली?”

परक्या माणसाने भावाची चौकशी करावी याचा मला राग आहे, पण संकटात माणूस खरे बोलतो. मी ८५ म्हणालो.

“रेनकोटचं कापड आहे,” काका म्हणाले. “चाळीस वर्षं रेनकोटच्या धंद्यात काढलीत मी.”

मी त्यांना ही बोट असल्याचे सांगितले. बोट असली तरी रेनकोटच, असे ते म्हणाले. मी ०.९ मिलिमीटर जाडी, पॉलिस्टरची वीण, पाव बार हवेचा दाब अशी सगळी शस्त्रे बाहेर काढली. ती सगळी ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “तुकडा आहे का ह्याचा?” दुरुस्तीच्या पिशवीतला तुकडा मी दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला आणि मागे जमलेल्या सात-आठ जणांना फिरवून दाखवला.

“बघा, आतबाहेर सारखंच चमकतंय. आत रबर असतं तर अंग काळपट आणि मऊ दिसलं असतं. पूर्वीचा डकबॅकचा रेनकोट आठवतो का? ते खरं रबर होतं. हे प्लास्टिक. प्लास्टिक मुळात कडक. मऊपणा यावा म्हणून आत तेल घालतात. उन्हात ठेवलं की ते तेल वर येतं. लोणच्याच्या बरणीत येतं की नाही? तसं. आता तेल वर आलंय म्हणून चिकटतंय. सगळं निघून गेलं की तडकेल.”

याला मला उत्तर नव्हते, कारण हे मी वाचलेले होते. १९२६ मध्ये वॉल्डो सेमन नावाच्या अमेरिकी रसायनज्ञाने पीव्हीसीला असे मऊ करण्याची युक्ती शोधली, हेही मला ठाऊक होते आणि ते मी काकांना सांगितलेही. “मग त्यांना विचारायचं होतंत घेण्याआधी,” ते म्हणाले, आणि रांग हसली.

“अहो, लाँच लागली,” वरून काकू ओरडल्या.

“लागू दे. ह्यांना पावडर सांगतो.” मग माझ्याकडे वळून, “टाल्कम पावडर चोळा. मी गिऱ्हाइकांना हेच सांगायचो. एक पावसाळा निघतो. तोवर ती पाचव्यांदा परत येत नाहीत.”

“पाचव्यांदा?”

“चारदा येतातच.” शेवटचा शेंगदाणा खाऊन त्यांनी रिकामी पुडी माझ्या हातात दिली, जणू मी त्या धक्क्याचा कर्मचारी होतो, आणि ते निघून गेले. माझ्या होडीचा तो तुकडा मात्र ते खिशात घालून घेऊन गेले. लाँचच्या वरच्या मजल्यावर तो हातोहात फिरताना मला खालून दिसत होता.

खरा संताप त्यानंतरचा आहे. वॉरंटी ५ वर्षांची आहे. ती मी त्या रात्री प्रथमच पूर्ण वाचली. तिच्यातून सूर्यप्रकाश, पेट्रोल, घर्षण आणि समुद्राच्या पाण्याचा दीर्घ संपर्क वगळलेले आहेत. म्हणजे ही होडी कपाटात घडी करून ठेवली तरच पाच वर्षे टिकण्याची हमी आहे. विक्रेत्याला फोन केला तर तो मलाच म्हणाला, “साहेब, कव्हर घातलं नाहीत?” कव्हरचे १२ हजार वेगळे. त्याने एक गोष्ट अभिमानाने सांगितली की, सांधे सुटणार नाहीत. ते खरे आहे. सांधे शाबूत आहेत.

त्यात पायऱ्यांवरच्या कालवांनी बुडाला एक चीर पाडली आहे, ती वेगळीच. ठिगळाच्या गोंदाच्या डब्यावर लिहिले आहे की हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असल्यास गोंद लावू नये. मे महिन्यात, समुद्राकाठी, मुंबईत! अखेर मी ती डिंगी वातानुकूलित बेडरूममध्ये फुगवली. रात्रभर पलंग तिच्या ताब्यात होता आणि आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली. “ह्यापेक्षा पुण्याला नेऊन चिकटवा,” बायको म्हणाली, “आणि तुम्हीही तिकडेच राहा.” ८५ चा खरा आकडा तिला त्याच रात्री पलंगावर पडलेल्या बिलावरून कळला.

काल दुकानात जाऊन आलो. विक्रेत्याने मोठ्या मनाने जुनी होडी परत घेऊन, वर ७० हजार भरल्यास नवी देण्याची तयारी दाखवली. या वेळी अस्सल हायपॅलॉन, म्हणाला. मी काकांसारखा चेहरा करून म्हणालो, “तुकडा दाखवा. आतली बाजू बघायची आहे.”

तो क्षणभर थांबला. मग अतिशय आपुलकीने म्हणाला, “आतून कशाला बघताय, साहेब? बसायचं तर वरच ना?”