पिशवी माझ्या हातात आहे, पूररेषा नाही

काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "सरकारकडे बोट दाखवण्याआधी प्रत्येकानं स्वतःपासून सुरुवात करावी." काका कापडी पिशवी घेऊन मंडईत जातात, गच्चीवर पालापाचोळ्याचं खत करतात. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण हवामान बदलाच्या बाबतीत हे म्हणणं मला पटत नाही.

मागच्या वर्षी मी ठरवून स्कूटर बंद केली. घर सिंहगड रोडला, ऑफिस येरवड्याला. तीन महिने बसनं गेले. थांब्याला शेड नाही. मे महिन्याच्या उन्हात कधी वीस मिनिटं उभं राहायचं, कधी पाऊण तास, आणि बस आली की दारापर्यंत माणसं. संध्याकाळी पाळणाघरात माझी मुलगी एकटीच उरलेली असायची. तिथल्या ताई काही बोलायच्या नाहीत, पण चप्पल घालून तयार असायच्या. चौथ्या महिन्यात स्कूटर पुन्हा बाहेर काढली. खूप अपराधी वाटलं. आता वाटतं, तो सगळा दोष मी माझ्याच पदरात का घेतला? पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, कारण अंतरं लहान होती आणि रस्त्यावर सायकलला जागा होती. १ जून २०२५ ला शहरातल्या बसचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० वर गेलं. असे निर्णय एका फटक्यात हजारो लोकांना स्कूटरकडे ढकलू शकतात, तिथे माझा एकटीचा निग्रह किती पुरणार?

आपल्याच घरात बघा. पिवळे बल्ब कसे गेले? २०१५ मध्ये केंद्राची उजाला योजना आली, एलईडीची प्रचंड घाऊक खरेदी झाली, भाव उतरले. वर्ष-दीड वर्षात आमच्या आईनंसुद्धा घरातले सगळे दिवे बदलले. आमच्या सोसायटीत सौर बंब आणि पर्जन्यजलसंधारण वर्षानुवर्षं मीटिंगमध्येच अडकलं होतं. मिळकतकरात एका प्रकल्पाला ५ आणि दोन केले तर १० टक्के सूट मिळते, हे कळल्यावर ठराव त्याच बैठकीत झाला. ओला-सुका कचरा आपण वेगळा करतो तेही रोज सकाळी दारात कचरावेचक ताई येतात म्हणून. त्या वेगळा केलेला कचरा नेणार, हा भरवसा नसता तर दोन डबे किती दिवस टिकले असते?

हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोरानं कोसळतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे आमच्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं. कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढताना मी बघितलंय. त्या घरांमध्येही कापडी पिशव्या असतील. धरणातून पाणी कधी सोडायचं, नदीपात्रात भराव होऊ द्यायचा का, निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पुराचं पाणी पोहोचतं त्या पट्ट्यात, बांधकामाला परवानगी द्यायची का, यातलं काहीही त्या घरातल्या माणसांच्या हातात नव्हतं. देशातली निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अजून कोळशावर होते, तेही आमच्या पंख्याच्या बटणावर ठरत नाही.

काका, तुमची पिशवी सोडू नका. मीही सोडणार नाही. पण जी चिकाटी तुम्ही खताच्या ढिगावर दाखवता, ती महापालिकेच्या दारातही हवी आहे. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. आमच्या इमारतीत किती जणांनी तो अर्ज कधी भरलाय? मीही आजवर भरला नव्हता.

यंदा भरतेय. थांब्याला शेड, थांब्यापर्यंत सलग फूटपाथ, त्यावर सावलीची झाडं. याशिवाय सकाळी आठ ते दहा या वेळात बस वाढवण्यासाठी वेगळं निवेदन लिहिलंय. रविवारी सकाळी दहा वाजता बी विंगच्या जिन्याखाली कागद आणि पेन घेऊन बसते. सहीला या. काका, पहिली सही तुमची असावी अशी माझी फार इच्छा आहे.