खांदा राहिला बाजूला

उजवा खांदा धरला होता. म्हणजे शर्ट घालताना आधी मी पूर्ण वाकडा व्हायचो आणि मग हात बाहीत जायचा, असं तीन आठवडे. शांघायच्या ऑफिसात काहीही दुखलं की पहिला सल्ला एकच, गरम पाणी पी. सर्दी झाली, गरम पाणी. पोट बिघडलं, गरम पाणी. लॅपटॉप हँग झाला तरी कोणीतरी हेच सांगेल अशी मला भीती आहे. खांदा काही पाण्याला बधेना, तेव्हा शेजारच्या टेबलावरची सहकारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणाली चल, चिनी औषधांच्या हॉस्पिटलात नेते, ट्रान्सलेट मी करते.

इथेच फसलो.

खोलीत डॉक्टर, दोन शिकाऊ पोरं आणि पुढच्या नंबरचे चारपाच पेशंट टेबलाला टेकून उभे, एसटीच्या तिकीट खिडकीशी असतात तसे. डॉक्टरांनी मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले. आधी एक हात, मग दुसरा. मी म्हटलं, खांदा. त्यांनी ऐकलंच नाही, प्रश्न सुरू. मिंग काळातल्या वैद्यांपासून चालत आलेली एक कविताच आहे म्हणे, रोग्याला काय काय विचारायचं त्याची. पहिला प्रश्न थंडी-तापाचा, दुसरा घामाचा, तिसरा डोकं आणि अंगाचा, चौथा थेट संडासचा. खांदा बहुतेक तिसऱ्यात येऊन गेला, मला कळलंच नाही. चौथ्याला मात्र गाडी अडली ती अडलीच.

"रोज होते का?" सहकारीने छताकडे बघत विचारलं. मग, "घट्ट की पातळ?" मग बराच वेळ योग्य शब्द शोधून, "भांड्याला चिकटते का?" मागच्या एका काकूंनी नीट ऐकू यावं म्हणून मान पुढे केली. अख्ख्या शरीराचा एकत्र विचार करणारी पद्धत वगैरे वाचलं होतं, पण त्यात अख्खी खोली धरलेली असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग जीभ. डॉक्टरांनी बघितली, पोरांना दाखवली, मान हलवली. पिवळा थर, म्हणजे अंगात दमट उष्णता. आता सकाळी मी पोहे खाऊन आलेलो आणि माझ्या पोह्यात हळद जरा सढळ असते, तर मी सांगितलं की पिवळा भात खाल्लाय, तिने काय भाषांतर केलं देव जाणे, डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. आणि दमटपणाचं म्हणाल तर डोंबिवलीत वाढलेल्या माणसाच्या अंगात तो नसेल तर कुणाच्या असेल?

शेवटी सुई. दुखतोय खांदा, टोचली नडगीत. तिथे थ्याओखौ नावाची जागा आहे, धरलेल्या खांद्यासाठी तीच वापरतात. डॉक्टर सुई फिरवतायत, मला म्हणतात हात वर कर, आणि सहकारी विचारते, "आंबट लागतंय का?"

मी म्हटलं बाई, सुई पायात आहे.

चिनीत 'स्वान' म्हणजे आंबट आणि स्वान म्हणजेच ते ठणकल्यासारखं, जड जड दुखणं. तिच्या इंग्रजीत त्यातलं फक्त आंबट आलं. डॉक्टरांनी अजून एक पीळ दिला आणि नडगीतून असं काही भरून आलं की मला एकदम आजी आठवली, लग्नघरात दिवसभर उभं राहून रात्री पाय चेपत म्हणायची, पाय नुसते आंबून गेलेत गं! अरे हेच की! "आंबट! खूप आंबट!" मी ओरडलो. डॉक्टर खूश, काकू खूश. सुई लागू पडल्याची ती खूण असते म्हणे.

घरी कुरिअरने काढा आला. सात दिवसांच्या चौदा पिशव्या, दुधाच्या पिशवीसारख्या सीलबंद, आत इंजिन ऑइल. यादीवर फोनचं भाषांतर मारलं तर एका ठिकाणी आलं 'जमिनीतला ड्रॅगन'. वा! तीन पिशव्या अभिमानाने प्यायलो. तिसऱ्या पिशवीनंतर सहकारीने सांगितलं, ते गांडूळ. चिनीत एक म्हण आहे, मुक्याने ह्वांगल्यान नावाची औषधी मुळी खाल्ली, कडूजहर लागली पण सांगणार कुणाला. मी सांगणार कुणाला? एकादशीला साबुदाण्यातसुद्धा जिरं चालतं का विचारणाऱ्या आईला? ती व्हिडिओ कॉलवर म्हणत होती, आजारी आहेस तर मुगाची खिचडी टाक. ती पण बंद, मूग थंड, औषधाचा जोर उतरवतात म्हणे. थंड, कच्चं, तिखट, तळलेलं, सगळं बंद. उरलं काय? गरम पाणी.

तीन वेळा सुया घेतल्यावर हात बाहीत सरळ जायला लागला. आता हे सुईमुळे की दर वेळी वीस मिनिटं हात वर-खाली करायला लावल्यामुळे, माझा संशय दुसऱ्यावर जास्त आहे, गांडुळाला तर मी श्रेय देणारच नाही.

सोमवारी लिफ्टमध्ये खच्चून गर्दी, त्यात आमचे मॅनेजर, सहकारी लांबून काळजीने विचारते, "आता कसं आहे? अजून चिकटते का?"