लव्हिंग जोडपं ‘दोन वेगळ्या जगांतलं’ नव्हतंच

रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या अमेरिकन नवरा-बायकोचा एक कृष्णधवल फोटो आणि त्याखाली दहा-बारा ओळींची गोष्ट दर जूनमध्ये मोबाइलवर येऊन पडते. यंदाही आली, तीनदा. गोष्ट थोडक्यात अशी: दोन वेगळ्या जगांतली माणसं, एक गोरा तरुण आणि एक काळी मुलगी, 1958 साली प्रेमात पडली. अमेरिकेतलं हे असं पहिलंच लग्न. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणाऱ्या अन्यायी कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून त्यांनी ते केलं, वर्षभर तुरुंग भोगला, सुप्रीम कोर्टात उभं राहून लढा जिंकला आणि त्या दिवसापासून बंदी संपली.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. आपल्याकडे जातीबाहेर लग्न केलेल्या मुलामुलींना धीर यावा म्हणून बरेच जण ती पाठवतात. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि सगळ्यात मोठी चूक पहिल्याच ओळीत आहे.

‘दोन वेगळ्या जगांतली माणसं.’ दोघंही व्हर्जिनियातल्या कॅरोलाइन काउंटीच्या सेंट्रल पॉइंट या एकाच गावची. गाव अगदी लहान, शेतीवाडीचं. तिथे गोरे, कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी या तिघांचं रक्त कित्येक पिढ्यांपासून मिसळत आलेलं. गावातल्या अनेकांचा रंग इतका उजळ, की ते शहरात गेले की गोरे म्हणून सहज खपून जात. रिचर्डचे वडील ज्या शेतमालकाकडे पंचवीस वर्षं कामाला होते, तो काउंटीतल्या सर्वांत सधन कृष्णवर्णीयांपैकी एक. म्हणजे मालक काळा आणि नोकर गोरा. रिचर्डची आई सुईण. रिचर्ड स्वतः गवंडी, आणि त्याला नाद शर्यतीच्या मोटारींचा. त्या मोटारीत त्याचे भागीदार होते ते दोन कृष्णवर्णीय मित्र. मिल्ड्रेडच्या घरी त्याचं जाणं-येणं सुरू झालं ते तिच्या भावांचं गाणंबजावणं ऐकायला.

यात दुसरं जग कुठे आहे? उठणं-बसणं, पैशांचा व्यवहार, गाणंबजावणं, सगळं एकत्रच होतं. रोटीव्यवहार होताच. चोरूनमारून बेटीव्यवहारही होता, फक्त तो कागदावर आणायची मुभा नव्हती. रिचर्डच्या घराण्याचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. 1830 च्या शिरगणतीत लव्हिंग घराण्यातल्या एका पूर्वजाच्या नावावर सात गुलामांची नोंद आहे, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला एक पूर्वजही आहे. त्याच घराण्यातला हा मुलगा शेजारच्या मिल्ड्रेड जेटरशी लग्न करतो. जगं दोन नव्हती, गाव एकच होतं, आणि त्या गावावर बाहेरून एक रेघ ओढलेली होती.

ही ओळ मला फार खुपते, आणि त्याला कारण आहे. व्हर्जिनियाचे न्यायाधीश लिऑन बझील यांनी 1965 मध्ये शिक्षा रद्द करावी हा या जोडप्याचा अर्ज फेटाळताना लिहिलं, की देवाने गोरे, काळे, पिवळे, मलय आणि तांबडे असे वंश निर्माण करून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं. अर्थात त्यांनी मिसळू नये अशीच देवाची इच्छा. माणसं मुळात वेगवेगळ्या जगांतली असतात, हा युक्तिवाद त्या न्यायाधीशाचा. तो आपण प्रेमाच्या नावाने पुढे का पाठवायचा?

आता ‘एक काळी मुलगी’. मिल्ड्रेडने स्वतःबद्दल काय सांगितलं ते आधी बघू. जून 1963 मध्ये मदत मागताना तिने पत्रात लिहिलं, की नवरा गोरा आहे आणि मी काही अंशी निग्रो, काही अंशी इंडियन आहे. उतारवयात तर, आपण इंडियनच, असं ती सांगत असे. (हे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. व्हर्जिनियातल्या रॅपाहॅनॉक या मूळनिवासी जमातीशी ती आपलं नातं सांगायची.) वॉशिंग्टनमधल्या विवाह परवान्यावर तिची नोंद ‘इंडियन’ अशी आहे. तीच बाई व्हर्जिनियाच्या आरोपपत्रात ‘कलर्ड’ होते आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात ‘निग्रो’. बाई एक आणि नोंदी तीन.

हे असं का झालं, याचं उत्तर 1924 च्या व्हर्जिनिया कायद्यात आहे. वंशशुद्धी राखण्यासाठी केलेल्या या कायद्यानुसार, ज्याच्या अंगात गोऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा अंशही नाही तोच गोरा. पण मग एक अडचण उभी राहिली. व्हर्जिनियातली कित्येक खानदानी घराणी आपली वंशावळ अभिमानाने पोकाहोंटासपर्यंत नेत. ही मूळनिवासी सरदाराची मुलगी, 1614 मध्ये इंग्रज जॉन रॉल्फशी तिचं लग्न झालं. नव्या व्याख्येत ही बडी घराणीच गोऱ्यांतून बाद झाली असती. म्हणून कायद्यात पळवाट ठेवली गेली: मूळनिवासी रक्त एक सोळांश किंवा त्याहून कमी असेल आणि दुसरं कुठलं बिगर-गोरं रक्त नसेल, तर माणूस गोराच धरायचा. बड्यांची पूर्वज राजकन्या ठरली.

गरिबांच्या वाट्याला आले वॉल्टर प्लेकर. 1912 ते 1946 एवढा काळ ते राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचे प्रमुख होते. व्हर्जिनियात आता खरा इंडियन उरलेलाच नाही, स्वतःला इंडियन म्हणवणारे सगळे मुळात काळेच, हा त्यांचा हट्ट. त्यांनी तशी पत्रं कारकुनांना धाडली आणि लोकांचे दाखले ‘कलर्ड’ करून टाकले. म्हणून मिल्ड्रेडला एका शब्दात बसवताना जरा थांबायला हवं. तिचं कृष्णवर्णीय असणं लपवायचं नाही, पण तिने स्वतःच सांगितलेलं कुळ खोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते काम प्लेकर यांच्या खात्याने भरपूर करून ठेवलं आहे.

‘अमेरिकेतलं पहिलंच असं लग्न’ हे तर एका ओळीत निकालात निघतं. गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1884 मध्ये हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं होतं. पेनसिल्व्हेनियाने अशी बंदी 1780 मध्येच उठवली, आणि कॅलिफोर्नियात 1948 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

‘कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून लग्न केलं.’ मिल्ड्रेडने 2007 मधल्या निवेदनात याच्या नेमकं उलट सांगितलं आहे: कुठली राजकीय भूमिका घ्यायला किंवा भांडण उकरायला लग्न केलं नव्हतं, प्रेम होतं आणि लग्न करायचं होतं. 2 जून 1958 ला दोघं, अशी बंदी नसलेल्या वॉशिंग्टनला जाऊन, लग्न लावून परत आली. 11 जुलैच्या मध्यरात्री दोनच्या सुमारास शेरीफ गार्नेट ब्रूक्स माणसं घेऊन तिच्या माहेरच्या घरात शिरला. बिछान्यावर विजेरीचा झोत पडला. या बाईबरोबर इथे काय करतोयस, हा रिचर्डला प्रश्न. मी त्याची बायको आहे, हे उत्तर मिल्ड्रेडने दिलं. रिचर्डने भिंतीवर लावलेल्या विवाहाच्या दाखल्याकडे बोट दाखवलं. तो इथे चालत नाही, असं शेरीफने सांगितलं.

आव्हान द्यायला निघालेलं जोडपं दाखला चौकटीत घालून भिंतीवर लावत नाही. नवं लग्न झालेलं, आपलं लग्न खरं मानणारं जोडपं लावतं.

वर्षभराचा तुरुंगही खरा नाही. रिचर्ड एक रात्र कोठडीत होता आणि मिल्ड्रेड, पोटात मूल असताना, त्याच्याहून जास्त दिवस. 6 जानेवारी 1959 ला याच बझील यांनी दोघांना एक वर्षाची शिक्षा दिली, पण ती 25 वर्षांसाठी स्थगित केली गेली. अट एकच: राज्य सोडायचं आणि 25 वर्षं दोघांनी मिळून परत पाऊल ठेवायचं नाही. ही हद्दपारी नवी नव्हती. 1691 मध्ये, व्हर्जिनिया इंग्रजांची वसाहत असताना, असं लग्न करणाऱ्या गोऱ्याला तीन महिन्यांत वसाहतीबाहेर काढायचा कायदा झाला होता. अडीचशेहून अधिक वर्षांनी एका गवंड्याला तेच भोगावं लागलं. त्यापेक्षा वर्षभराचा तुरुंग सोपा असता, असं मला वाटतं; तो निदान वर्षात संपला असता. वॉशिंग्टनच्या वस्तीत मिल्ड्रेडचा जीव रमेना. मुलांना हुंदडायला मोकळं रान हवं, आपली माणसं हवीत, एवढ्यासाठी तिने 1963 मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. तिथून प्रकरण नागरी हक्क संघटनेकडे आणि बर्नार्ड कोहेन व फिलिप हर्शकॉप या तरुण वकिलांकडे गेलं.

सुप्रीम कोर्टात ती दोघं उभी राहिली नाहीत. 10 एप्रिल 1967 च्या सुनावणीला ती गेलीच नाहीत. रिचर्डचा निरोप वकिलांनी पोचवला: माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे, आणि तिच्याबरोबर मला व्हर्जिनियात राहता येत नाही हा अन्याय आहे, एवढं कोर्टाला सांगा. 12 जूनला नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. व्हर्जिनियाची बंदी फक्त गोऱ्यांचा संबंध असलेल्या लग्नांना होती. बिगर-गोऱ्यांनी आपापसांत कसंही मिसळावं, राज्याला त्याचं काही नव्हतं. म्हणजे हा कायदा वंश वेगळे ठेवायला नव्हता, गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायला होता.

‘त्या दिवसापासून बंदी संपली.’ तोवर सोळा राज्यांत असे कायदे होते आणि ते सगळे निकालाने निष्प्रभ झाले, इतपत बरोबर. पण अलाबामाच्या राज्यघटनेतून बंदीचं कलम निघालं 2000 साली, मतदान घेऊन, आणि त्या मतदानातही सुमारे 40 टक्के लोकांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं.

निकालानंतर लव्हिंग कुटुंब उघडपणे सेंट्रल पॉइंटला परतलं. रिचर्डने दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या जवळच स्वतःच्या हाताने घर बांधलं. 29 जून 1975 ला एका दारुड्या चालकाने त्यांच्या गाडीला धडक दिली. रिचर्ड गेला, मिल्ड्रेडचा उजवा डोळा गेला. ती त्याच गावात राहिली आणि 2 मे 2008 ला वारली. बझील यांनी घातलेली 25 वर्षांची अट चालू राहिली असती, तर ती संपली असती जानेवारी 1984 मध्ये. रिचर्डला बायको-मुलांसह आपल्या गावात राजरोस राहायला मिळाली ती आठ वर्षं आणि सतरा दिवस.