फ्लॅश घ्यायचाय? मग बसा!

कॅमेरा घेणं सोपं असतं. बजेट ठरवायचं, त्याच्या दीडपट खर्च करायचा आणि घरी मात्र बजेटचाच आकडा सांगायचा. फ्लॅशचं तसं नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यातून टुणकन वर येणारा एक फ्लॅश असताना दुसरा कशाला, इथूनच घरच्यांची समजूत घालावी लागते. मी शास्त्र सांगितलं: तो फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, उजेड सरळ बुबुळात शिरतो, आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परत येतो, म्हणून आपलं अख्खं खानदान फोटोत झपाटल्यासारखं दिसतं. बायको म्हणाली, "अहो, तुमच्याकडच्यांचे डोळे मूळचेच तसे आहेत."

पण पुतण्याची मुंज तोंडावर आली होती आणि फोटोंची सुपारी माझ्याकडे होती. फुकट.

पहिली गाठ पडते ती गाईड नंबरशी, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्याशी. त्याला लेन्सच्या एफ नंबरने, म्हणजे तिचं तोंड किती उघडं आहे त्या आकड्याने, भागलं की उजेड किती मीटर पोचेल ते कळतं. 28 चा फ्लॅश, एफ 5.6 ची लेन्स, म्हणजे 5 मीटर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, 100 ची 400 केली की 10. इतपत भागाकार मलाही येतो. गोम पुढेच आहे. खोक्यावरचा आकडा बाइकच्या मायलेजसारखा असतो, कुठल्या रस्त्यावर मोजला ते बारीक अक्षरात. कॅननचा 430ईएक्स 2 सांगतो 43, निकॉनचा एसबी-700 सांगतो 28. वाटतं, 43 वाला दणकट! पण ते 43 फ्लॅशचं झूम 105 मिमीवर नेऊन, उजेडाची धार निमुळती करून मोजलेले आणि हे 28 साध्या 35 मिमीवरचे. 60 छापणारे तर थेट 200 मिमीवर मोजतात. मुंजीत 200 मिमीवर काय टिपणार? भटजींचा एक कान.

मग येतात सल्लागार, आणि त्यांच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो टीटीएलच घे. त्यात फ्लॅश आधी एक हलकी चमक टाकतो, कॅमेरा लेन्समधून तिचं माप घेतो आणि मात्रा आपली आपण ठरवतो. दुसरा म्हणतो, छे, मॅन्युअल घे, मात्रा आपल्या हाताने लाव, स्वस्त पडेल, हात बसेल. हात बसेलही, पण ताकद 1/4 ठेवू की 1/8 या विचारात भिक्षावळ उरकते, आणि आजीला पुन्हा भिक्षा घालायला सांगण्याची आमच्या घरात कुणाची छाती नाही. शिवाय फ्लॅशच्या पायाची भानगड वेगळीच. कॅननच्या 200डी मार्क 2 सारख्या काही कॅमेऱ्यांच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या डोक्यावरच्या खाचेत, मधली पिनच नाही, तिथे साधा एका पिनवर चालणारा स्वस्तातला फ्लॅश ढिम्म बसून राहतो.

थोरले काका म्हणाले, "माझा रोलच्या जमान्यातला आहे तो ने की!" काही जुन्या फ्लॅशच्या पायातून 200 व्होल्टच्या वर दाब येतो आणि कित्येक डिजिटल कॅमेऱ्यांना तो सोसत नाही, असं मी अदबीने सांगितलं. "आमच्या वेळी असलं व्होल्ट-बिल्ट काही नव्हतं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी फोर्टात, बोरा बाजारात गेलो. काउंटरवरच्या पोऱ्याने फ्लॅशच्या पोटात चार पेन्सिल सेल कोंबले. आतून डास कानाशी यावा तसा चीं... असा आवाज चढत गेला, लाल दिवा लागला आणि त्याने तो थेट माझ्या तोंडावर उडवला. "पॉवर बघा, साहेब!" पुढचा काही वेळ मला पॉवर सोडून काहीच दिसत नव्हतं. किमतीचं लेबलही नाही. ही त्यांची पद्धतच असावी. बाहेर पडलो तेव्हा पिशवीत टीटीएलवाला फ्लॅश होता, रिचार्जचे सेल होते (साध्यांपेक्षा ते लवकर दम भरतात, हे मात्र खरं) आणि फ्लॅशला घालायची एक पांढरी प्लास्टिकची टोपी होती, जी मी मागितलेली नव्हती.

मुंजीच्या दिवशी मी फ्लॅशची मान वर केली. उजेड छतावर आपटून खाली झिरपला की चेहरे मऊ येतात. छत मात्र पांढरं आणि बेताच्या उंचीचं हवं. कार्यालयाचं छत दुमजली उंच, त्यात पोपटी. बटू, मुंडावळ्या आणि मातृभोजनाचं ताट, सगळ्यांवर हिरवी छटा आली. म्हणून मी बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे मान वळवली आणि काय सांगू, पुढचा फोटो खरोखर सुरेख आला. नाकाची सावलीसुद्धा जिथल्या तिथे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून थोरले काका उठले. "अरे, मुंज इकडे चाललीय, तू भिंतीवर काय उजेड पाडतोयस?" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने फ्लॅशची मान कट्कन सरळ केली, परत जाऊन खुर्चीत बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हं, काढ आता माझा."