फ्रेंच एरर, इंग्रजी प्रश्न आणि फुकटचे ज्योतिषी

फ्रेंच क्लायंटचं मशीन वाट्याला आलंय आणि मदत ऑनलाइन मंचावर इंग्रजीत मागायचीय? अभिनंदन. परवाच अशा एका प्रश्नाने अख्खी संध्याकाळ खाल्ली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांचा शास्त्रशुद्ध छळ कसा करावा, हे एकदा लिहूनच टाकलेलं बरं.

एरर फ्रेंचमध्येच द्या, तीही मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोत, म्हणजे कोणाला कॉपी करून शोधता येणार नाही. 'ओक्यँ फिशिए उ दोसिए द स तीप' वाचून ज्याला 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आठवत नाही, त्याची मदत हवीय कोणाला? टर्मिनलमध्ये कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी हे भाषेचं सेटिंग लावलं की गिट, जीसीसी, एलएस ही टूल्स निमूट इंग्रजी बोलू लागतात; म्हणून ते लावू नका. कोणी फारच मागे लागलं तर लँग हे दुसरं भाषेचं सेटिंग तेवढं बदलून 'ईएन_यूएस' करा. लँग्वेज नावाच्या व्हेरिएबलमध्ये 'एफआर' असेल तर तो लँगला जुमानत नाही. संदेश फ्रेंचच राहतो आणि तुम्ही साळसूदपणे म्हणू शकता, "केलं हो, काही फरक नाही."

विंडोजवर ०एक्स८००७०००५ असा कोड दिसला तर तो फोटोतून कापा. परवानगी नाकारल्याचा हा कोड पॅरिसमध्ये आणि पिंपरीत एकच असतो, म्हणजे फारच उपयोगी.

प्रश्नाबरोबर कोडही भाषांतरयंत्रात घाला. व्हेरिएबल एका ओळीत 'निव्हो' आणि दुसरीत 'लेव्हल' झालं की धमाल येते.

मॅकच्या फ्रेंच कीबोर्डवर पाइप, म्हणजे दोन कमांड जोडणारी उभी रेघ, काढायला ऑप्शन दाबावं लागतं. ते दाबलेलंच ठेवून स्पेस मारा. न तुटणारी स्पेस पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, सांगतो की पुढची ग्रेप नावाची कमांडच नाही.

एक्सेलचं सूत्र मजकूर म्हणून चिकटवा: रशेर्शव्हे, मधे अर्धविराम. इंग्रजी एक्सेल आधी अर्धविरामावरच अडतो; तिथे स्वल्पविराम घातले तरी ते तक्त्यात शोधणारं व्हीलुकअप आहे हे त्याला कळत नाही, तो #नेम? म्हणून मोकळा. फाइल पाठवली असती तर नावं आपोआप बदलली असती, कारण आत ती इंग्रजीतच साठवलेली असतात. पण फाइल 'गोपनीय' असते ना! मॅक्रोमध्येही तेच. फॉर्म्युला या प्रॉपर्टीला इंग्रजी नाव आणि स्वल्पविराम लागतो, फ्रेंच सूत्र द्यायचं तर फॉर्म्युलालोकल. हे कोणी वाचायचं?

आणि सीएसव्ही, म्हणजे तक्ता साध्या मजकुरात ठेवणारी फाइल! फ्रेंच विंडोज दशांशाला स्वल्पविराम वापरतं, म्हणून कॉलम अर्धविरामाने वेगळे होतात. इंग्रजी मशीनवर ते अर्धविरामावर तुटत नाहीत, उलट दशांशाच्या स्वल्पविरामावर भलतीकडेच तुटतात. हे निदान दिसतं तरी. मग कोणी भला माणूस अर्धविरामावर कॉलम फोडून देतो आणि '१,२३४', म्हणजे सव्वाच्या जरा खाली, इंग्रजी एक्सेलमध्ये एक हजार दोनशे चौतीस होतं. हजारपट! एरर नाही, इशारा नाही, बेरीज कशी छान येते. हजार वेगळे दाखवायला यू+२०२एफ ही अरुंद स्पेस असली तर आकडा मजकूर बनतो आणि बेरजेचं 'सम' सूत्र त्याला चक्क वगळतं. साधी स्पेस शोधून बदलायला गेलं तर ती सापडतही नाही. ती स्पेस नसेल तर पायथनमधल्या पांडाजच्या रीड_सीएसव्हीत सेपला अर्धविराम आणि डेसिमलला स्वल्पविराम, एवढ्यावर भागतं. दोन आर्ग्युमेंट! पण 'फाइल फ्रेंच मशीनवरची आहे' हे सांगितलं कधी? विसाव्या उत्तरानंतर. समोर ज्योतिषी बसलेत का?

फ्रेंच लिहा ना, खुशाल लिहा. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या मंचाने स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, जपानी आवृत्त्या काढल्या, फ्रेंच काढलीच नाही. इंग्रजीकडे यावं लागतं यात तुमची चूक नाही. वर फ्रेंच परिच्छेद, खाली तोच इंग्रजीत, कोणाचं काही बिघडत नाही. आणि 'इंग्लिश ओन्ली' लिहून प्रश्नाला कुलूप ठोकणाऱ्या महाभागांनो, तेवढ्याच वेळात एलसी_ऑल=सी लिहून झालं असतं.

पण भाषेची सेटिंग दाखवणाऱ्या लोकेल कमांडचा आउटपुट, एररचा कोड आणि फाइलच्या पहिल्या पाच ओळी कॉपी करायला फ्रेंचही लागत नाही आणि इंग्रजीही. तेवढंही करायचा कंटाळा येत असेल तर लोकांची फुकटची संध्याकाळ मागू नका.