म्हशींवर खापर फोडलंय का? एका कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की पंचगंगेच्या लेखात मी शेतकऱ्याच्या म्हशींवर खापर फोडलं, शहराच्या गटारी सोडून दिल्या, आणि आपल्या आज्यांनी जन्मभर नदीतच म्हशी धुतल्या तेव्हा कुठं होतं एवढं केंदाळ (जलपर्णी).

शहराचं बरोबर बोललात, ते मी दोन ओळीत उरकायला नको होतं. केंदाळ पोसतं ते पाण्यातल्या नत्रासारख्या (नायट्रोजन) खतावर, आणि एक माणूस वर्षाला साधारण ४-५ किलो नत्र बाहेर टाकतो, बहुतेक लघवीतून, आता त्याला कोल्हापूर-इचलकरंजीच्या लोकसंख्येनं गुणा. आणि सांडपाण्याचा प्लांट चालू आहे म्हणजे झालं असंही नाही, साध्या प्लांटमध्ये हवा मारून घाण कुजवतात, अमोनियाचं नायट्रेट होतं पण नत्र राहतं पाण्यातच, ते काढायला ऑक्सिजन नसलेला वेगळा टप्पा लागतो.

आज्याच्या म्हशीचं मात्र पटत नाही. ती बांधावरचं, नदीकाठचं गवत खायची, शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात, नत्र तिथल्या तिथंच फिरायचं. थोडंफार पाण्यात गेलं तर नदी पचवायची, तळच्या गाळातले जिवाणू नायट्रेटचा परत नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. आजची म्हैस सरकी पेंड खाते, ती बाहेरून गाडीतून येते, आणि वैरण म्हणजे उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला), ते युरियावर वाढलेलं. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला राहुरी विद्यापीठाची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्र आहे, युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जेमतेम २१ किलो नत्र, म्हणजे फक्त युरियानं भागवायचं तर एकरी जवळजवळ ८ पोती, त्यात पाटानं भरमसाठ पाणी सोडलं की पिकाला न मिळालेलं खाली झिरपून ओढ्याला लागतं. म्हणून म्हशी तेवढ्याच असल्या तरी नदीवरचा भार तेवढाच राहत नाही.

पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मासे मरतात ते तुम्हीही बघितलं असेल. उन्हाळ्यात पाणी तुंबलेलं, १ ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅम ऑक्सिजन जातो, वर केंदाळाची चादर, मग माशानं श्वास घ्यायचा कशातनं?

शेण कुणी वाया घालवत नाही हे मान्य, पण मूत आणि गोठा धुतलेलं पाणी जातं कुठं? आमच्याकडंही मागच्या वर्षापर्यंत ओढ्यातच जात होतं. आता चर काढून हत्तीगवताच्या वाफ्यात सोडलंय, आणि तेव्हापासून त्या वाफ्याला युरिया घातलेला नाही.