साठातले दहा कमी

शूटिंगचा शेवटचा हप्ता बारा हजार ठरला होता, परवा दहाच आले. सोबत नवरीच्या मोठ्या काकांचा हिशेब: ‘कॅमेरा ६०चा, शूटिंग ५०वर. साठातले दहा कमी, म्हणून बारातले दोन कमी.’ त्रैराशिक बिनचूक आहे, याचाच जास्त राग आला.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. सीमांतपूजनापासून माझ्या पाठीशी उभे होते, आणि ‘पाठीशी’ म्हणजे अक्षरशः. त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास येत होता. कॅमेऱ्याच्या मेन्यूत त्यांना ‘५०पी’ दिसलं.

“हे पन्नास कसले?”

“सेकंदाला पन्नास फ्रेम, काका.”

“साठ होत नाही?”

“होतं. पण हॉलचे दिवे पन्नास हर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला शंभरदा उजळतात आणि मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद उघडं ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. साठवर सवयीने १/१२५ ठेवलं, तर चित्र लपलपतं.”

“लपलपतं? आमची लाईट?”

“लाईट नाही हो, चित्र.”

“चौतीस वर्षं नोकरी केली. लाईट गेली म्हणून लोकांनी शिव्या दिल्या, मोर्चे आणले. लपलपते म्हणून एकाने अर्ज केलेला नाही!”

मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती. मामा नवरीला आणायला निघाले होते, आणि मी अख्ख्या वीज खात्याची माफी मागत होतो.

खरं तर साठवरही १/१०० लावून दिवे सांभाळता येतात. अडतं ते नंतर. आपली एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची. पन्नासातली एकाआड एक फ्रेम उचलली की चाल सरळ राहते. साठातून पंचवीस निवडताना कधी एक फ्रेम सोडावी लागते, कधी दोन, आणि नवरी सप्तपदी अडखळत चालते. शिवाय पन्नासच्या पन्नास फ्रेम २५वर पसरल्या की वेग नेमका निम्मा होतो. अक्षता हवेत दुप्पट वेळ तरंगतात, अंतरपाट सावकाश खाली येतो. मंगलाष्टकांना मात्र कॅमेऱ्याच्या स्लो मोशन मोडला हात लावू नये. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या मोडला आवाजच रेकॉर्ड होत नाही. गुरुजींचे नुसते ओठ हलतात.

हे कुणाला सांगायचं? काकांचं बोट तोवर ‘५०आय’वर गेलं होतं.

“इथेही पन्नासच की!”

“ते अर्धे पन्नास. एकदा चित्राच्या विषम ओळी, एकदा सम. जुन्या टीव्हीला चालायचं. मोबाईलवर वरातीत नाचणाऱ्याच्या हाताला कंगव्यासारखे दात येतात.”

“म्हणजे निम्म्या ओळी देऊन पैसे पूर्ण?”

मी ५०पीच ठेवलं. काकांनी पत्रिकेच्या मागे काहीतरी टिपून घेतलं. आहेराची यादी असेल, असं मला वाटलं.

बँडवाला वाजवायच्या आधी पैसे मोजून घेतो. मांडववाल्याचे पैसे कुणी अडवत नाही, कारण तो खुर्च्या उचलायला लागतो. केटररला कुणी विचारत नाही की मठ्ठ्यात पाणी किती. आमचा हिशेब मात्र वर्षश्राद्धासारखा: सगळं उरकल्यावर, सवडीने आणि कुरकुरत. फाइल आधी देऊन बसलो, ही माझी चूक. पण पन्नासवर शूट केलं ही चूक नव्हती, आणि ते दोन हजार मला हवे आहेत.

आज सकाळी काकांचा फोन आला. पैशांबद्दल नव्हता. गावच्या आत्यांसाठी डीव्हीडी हवी आहे. आपल्याकडच्या डीव्हीडीत सेकंदाला २५च फ्रेम मावतात, त्याही ७२० बाय ५७६च्या आणि विषम-सम ओळींत चिरलेल्या. काकांच्या त्रैराशिकाने बारातले पाचच हजार माझे होतात, आणि दहा तर मी घेऊन बसलोय.